टपालाचा चहा

“यादी तूच वाच,” रणधीरदादा म्हणाला. “मुलीच्या तोंडून नाव ऐकलं की माणसं जास्त शरमतात.”

मी मान डोलावली. मला ते कौतुक वाटलं.

शाळेच्या सभागृहात आम्ही अकरा जण बसलो होतो. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, छातीवर आमच्या मंचाचं नाव, ‘माझं पहिलं मत’. टी-शर्ट रणधीरदादाने दिले होते, सभागृहाची किल्ली त्याच्याकडे होती आणि शाळा त्याच्या काकांच्या संस्थेची होती. काका म्हणजे भाऊसाहेब निंबोरे. करंजसरमध्ये त्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणत. रणधीर तेव्हा तिशीला टेकला होता आणि तरुण असणं हा त्याचा पूर्णवेळ उद्योग होता.

त्या महिन्यात जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आमचा फोटो आला होता. ‘करंजसरच्या तरुणाईला राजकारणाची गोडी.’ गोडी खरीच होती. आम्ही चहाच्या टपरीवर बसून मंत्रिमंडळं बनवायचो आणि पाडायचो. आमच्यातल्या एकालाही ग्रामसभा किती वाजता भरते हे माहीत नव्हतं. पण देशाचं काय चुकलं हे अकराही जणांना पाठ होतं. मी एकोणीस वर्षांची होते, पुष्कळ वाचत असे आणि वाचलेलं माणसांच्या अंगावर फेकत असे.

यादीची कल्पना माझीच. एका पुस्तकात वाचलं होतं की फार पूर्वी एका नगरात लोक नकोशा माणसाचं नाव खापरावर लिहून त्याला हद्दपार करत. मी ते मंचाच्या बैठकीत रंगवून सांगितलं. खापरं कुठे शोधायची, म्हणून फ्लेक्स ठरला. मागच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातल्या ज्यांनी मत दिलं नाही त्यांची नावं फ्लेक्सवर छापायची, रविवारच्या बाजारात स्टँडच्या चौकात लावायची आणि माइकवरून वाचायची. पुढची निवडणूक दीड महिन्यावर होती. लाज वाटली की माणसं मत देतात, असं माझं म्हणणं होतं. लाज ही गोष्ट मला तोवर फक्त दुसऱ्याला वाटायची म्हणून ठाऊक होती.

मत कोणी दिलं नाही हे शोधणं सोपं होतं. साहेबांच्या पक्षाची पोरं प्रत्येक बूथबाहेर यादी घेऊन बसत आणि आलेल्या माणसाच्या नावापुढे टिक मारत. त्या याद्या रणधीरदादाच्या कपाटात होत्या. टिक नसलेली एकसष्ट नावं निघाली. माझी मैत्रीण शुभदा ती उतरवून घेत होती. तिचं पेन थांबलं.

“मैथिली, हे बघ. अनुक्रमांक चारशे बारा.”

शेवाळे पुंडलिक गोविंद. माझे बाबा.

“त्यांची ड्युटी होती,” मी म्हणाले. “मतदान केंद्राध्यक्ष होते ते, पलीकडच्या तालुक्यात. ड्युटीवाल्यांना टपालाने मत देता येतं. दिलंच असेल.”

“नाही दिलं,” रणधीरदादा सहज म्हणाला. “सरांचं टपाल पोचलंच नव्हतं म्हणे. तीन निवडणुका झाल्या, पोस्टमनचं आणि सरांचं काय वाकडं आहे कोण जाणे.” तो हसला. “राहू दे. सर आपले आहेत. खोडून टाक ते नाव.”

कुठल्या शिक्षकाचं टपाल पोचलं आणि कुठल्याचं नाही, हे याला कसं ठाऊक, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो दुसराच. कारण टपाल पोचलं होतं. मी ते पाहिलं होतं.

“खोडू नको,” मी शुभदाला म्हणाले. “मी घरी विचारून सांगते.”

---

बाबा आमच्याच शाळेत मराठी शिकवायचे. तेवीस वर्षं झाली होती त्यांना. मुख्याध्यापक इनामदार सर महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेत पुढचं नाव बाबांचं होतं. फक्त संस्थेचा ठराव व्हायचा होता, म्हणजे साहेबांची सही. आईने त्यांना नवा सदरा शिवायला टाकला होता. बाबांना त्या खुर्चीतलं एकच हवं होतं. शाळेच्या वाचनालयाची सात कपाटं होती आणि सातांनाही कुलपं. पुस्तकं हरवतात म्हणून किल्ल्या मुख्याध्यापकांच्या टेबलात. ‘एकदा किल्ल्या हातात आल्या की कुलपंच विहिरीत टाकतो,’ असं बाबा म्हणायचे. घरात त्यांनी इतक्या वेळा केलेला विनोद दुसरा नव्हता.

मी वाचायला लागले ती त्यांच्यामुळे. ते मी तेव्हा विसरले होते. माझ्या लेखी ते एक भित्रे, सौम्य, सायकलवरून जाणारे मास्तर होते, ज्यांना कशाबद्दलच मत नव्हतं.

दुपारी जेवताना मी विचारलं, “बाबा, मागच्या वेळी तुम्ही मत दिलं होतं?”

“ड्युटी होती ना मला.”

“टपालाचं?”

त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. “आलं नाही.”

आईने त्यांच्या ताटात, त्यांनी न मागता, आणखी अर्धी भाकरी वाढली.

“आलं नाही, की पाठवलं नाही?”

“मैथिली, जेव,” आई म्हणाली.

“साधा प्रश्न विचारतेय मी. रणधीरदादा सांगत होता, तीन निवडणुका तुमचं टपाल आलं नाही.”

बाबांनी वर पाहिलं. “रणधीरने विचारलं तुला?”

“विचारलं नाही. सांगितलं.”

“मग आता त्यालाही तेच सांग. आलं नाही.” आणि आईला म्हणाले, “आमटी छान झालीय गं.”

माझे बाबा माझ्याशी खोटं बोलले होते, आणि वर आमटीची स्तुती करून उठले होते. मला आठवतं, मला वाईट वाटलं नाही. जिंकल्यासारखं वाटलं.

ते हात धुवायला गेले तेव्हा मी त्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडला. एप्रिलमध्ये पुस्तकाला कव्हर घालायला खाकी कागद शोधताना मी तो लिफाफा पाहिला होता. तो तिथेच होता, जुन्या पंचांगाखाली. कडेने ब्लेडने नीट कापलेला. आत मतपत्रिका, तिच्यावर एकही खूण नाही. घोषणापत्र कोरं. परत पाठवायचे दोन लिफाफे, एक लहान एक मोठा, रिकामे. मोठ्यावर छापलं होतं, टपाल तिकीट लावण्याची आवश्यकता नाही.

तिकीटसुद्धा लावायचं नव्हतं. माझ्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. एक खूण, एक सही आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत चार पावलं. एवढंही न करणारा माणूस मुलांना नागरिकत्वावर निबंध लिहायला लावतो. मी लिफाफा माझ्या पिशवीत टाकला.

---

रविवारी चौकात फ्लेक्स लागला. भाजीवाले, एसटीला थांबलेली माणसं, आठवड्याचा बाजार करायला आलेली शेजारची गावं, सगळ्यांसमोर मी माइक धरला. फ्लेक्सवर आपलं नाव आहे की काय हे पाहायला बरेच जण पुढे सरकले. ज्यांची नव्हती ते मागे उभे राहून हसत होते.

मी नावं वाचत गेले. अनुक्रमांक, नाव, पुढे ‘यांनी मत दिलं नाही.’ त्यात दोन आजारी होते, पाच पुण्याला कामाला होते आणि एक बाई मतदानाच्या दिवशी बाळंत झाली होती. हे मला माहीत होतं. यादीत कारणांचा रकाना नव्हता.

“कांताबाई दगडू मोरे.”

गर्दीतून आवाज आला, “अगं पोरी, मेली ती संक्रांतीला.”

लोक हसले. मी पुढचं नाव घेतलं.

चारशे बाराला मी थांबले. थांबण्याची जागा मी घरी आरशासमोर ठरवून आले होते.

“शेवाळे पुंडलिक गोविंद. हे माझे वडील आहेत.” चौक शांत झाला. “ते तुमच्या मुलांना शिकवतात. टपालाची मतपत्रिका मिळालीच नाही, असं ते सांगतात. ती मिळाली होती. ही बघा. गेल्या निवडणुकीपासून टेबलाच्या खणात पडून आहे. कोरी. आपल्या घरापासून सुरुवात केली नाही तर दुसऱ्याला बोलायचा मला काय अधिकार?”

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. लिफाफा उंच धरलेला हात मी तसाच ठेवला, कारण कुणीतरी फोटो काढत होतं.

तेव्हा मला बाबा दिसले. मेथीच्या ढिगाऱ्यापाशी उभे होते, हातात कापडी पिशवी. ते माझ्याकडे पाहत नव्हते. रणधीरदादाकडे पाहत होते.

रणधीरदादा टाळ्या वाजवत नव्हता. त्याने पुढे येऊन माझ्या हातातून लिफाफा अलगद घेतला, आतला कागद उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि खिशात ठेवला.

“शाब्बास,” तो म्हणाला. “हा मी ठेवतो.”

“कशाला, दादा?”

“साहेबांना दाखवायला. म्हणतील, पोरगी असावी तर अशी.”

बाबांनी मेथीची जुडी परत ढिगावर ठेवली आणि निघून गेले.

---

मी घरी गेले तेव्हा वाद घालायच्या तयारीत होते. मुद्दे वाटेत जुळवले होते. बाबा खुर्चीत बसून वह्या तपासत होते. आई स्वयंपाकघरात होती आणि बाजारातून काही आलेलं नसल्यामुळे तिला करायला काही नव्हतं.

“आम्ही घाबरत नाही,” मी म्हणाले. “तुमची पिढी घाबरली, म्हणून हे असं झालं.”

बाबांनी वही मिटली नाही. “बरोबर आहे.”

“मग खोटं का बोललात?”

“तू सांगशील रणधीरला म्हणून,” आई आतूनच म्हणाली. “म्हणून बोलले खोटं. आणि बघ, सांगितलंस की.”

“काय सांगितलं?”

आई दारात आली. “टपालाचा चहा माहिताय तुला?”

“अगं, तिला कशाला,” बाबा म्हणाले.

“का? गावाला माइकवरून सांगून आली, तिला घरातलं कळू दे की.” ती माझ्याकडे वळली. तिने आवाज चढवला नाही. ती भाजी निवडताना बोलते तशी बोलत होती. “ड्युटीवाल्या मास्तरांची टपालं आली, की संस्थेच्या हापिसात चहा असतो. साहेब बोलावतात. सगळ्यांनी आपापला लिफाफा घेऊन जायचं. टेबलावर कोरा कागद ठेवायचा. साहेबांचा क्लार्क खूण करतो. मास्तरांनी सही करायची, चहा प्यायचा, घरी यायचं. लिफाफे ते चिकटवतात, पोस्टात ते टाकतात. चौतीस मास्तर आणि चौतीस चहा.”

मी बाबांकडे पाहिलं. ते वहीत खुणा करत होते.

“तुझा बाप तीन वेळा गेला नाही. माझं टपाल आलंच नाही म्हणाला. आलेलं नाही ते नेणार कुठून? तेवढी एकच पळवाट होती. आणि मला वाटायचं, आपल्या घरात भित्रं माणूस आहे.” तिने माझ्याकडे पाहिलं. “ते मी एकटीच समजत नव्हते म्हणा.”

“पण मग स्वतः भरून पाठवायचं,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला. “गुपचूप.”

“घोषणापत्रावर अधिकाऱ्याची साक्ष लागते,” बाबा म्हणाले. वर्गात समजावतात तसे. “आपल्या गावात ती सही इनामदार सरांची. ते चहाला पहिल्या खुर्चीवर असतात. तालुक्याला गेलो तर तिथला अधिकारी साहेबांच्या पंगतीचा. आणि पोस्टमास्तर कुणी बसवलाय?” त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. “देता येत नव्हतं, मैथिली. मग घेऊ तरी द्यायचं नाही, एवढं हातात होतं.”

---

बुधवारी त्यांना संस्थेत बोलावलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक कोरा पांढरा कागद होता.

“मैथिली, तुझं अक्षर चांगलं आहे. लिही.”

मी टेबलाशी बसले.

“मा. अध्यक्ष, यांसी. विषय, मुख्याध्यापकपदास नकार देणेबाबत.”

माझं पेन थांबलं.

“लिही. महोदय, मी खाली सही करणारा पुंडलिक गोविंद शेवाळे, सेवाज्येष्ठ असलो तरी कौटुंबिक कारणास्तव सदर पद स्वीकारण्यास असमर्थ आहे. माझ्यानंतरच्या शिक्षकास पदोन्नती देण्यास माझी हरकत नाही. हा नकार मी स्वेच्छेने, कोणत्याही दबावाविना देत आहे.”

“बाबा.”

“‘दबावाविना’ वेगळ्या ओळीवर नको. सलग येऊ दे.”

“कौटुंबिक कारण काय लिहू?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. “तेवढंच पुरे,” ते म्हणाले. “जास्त तपशील लागत नाही.”

त्यांनी सही केली. सोमवारी दुसरं पत्र आलं, संस्थेच्या डोंगराकडच्या शाखेत बदली. रोज दोन एसट्या बदलून जायचं. तिथे वाचनालय नव्हतं, त्यामुळे कुलपाचाही प्रश्न नव्हता. नवा सदरा शिंप्याकडून आला होता तो आईने घडी करून ठेवला.

तो सदरा बाबांनी महिन्याभराने घातला. निवडणूक आली, ड्युटी लागली, टपाल आलं. या वेळी संस्थेचा शिपाई घरी येऊन विचारून गेला, ‘सर, आलं ना?’ बाबा म्हणाले, आलं. संध्याकाळी पाच वाजता त्यांनी सदरा घातला, लिफाफा काखेत धरला आणि चालत गेले. सायकल नेली नाही. मी खिडकीतून पाहत होते.

तासाभराने आले. आईने काही विचारलं नाही. मीच विचारलं. माझ्यासारख्या मुली न विचारता राहत नाहीत.

“कुणाला दिलं?”

“मत गुप्त असतं,” बाबा म्हणाले. “माझं तर इतकं गुप्त होतं की मलाही दाखवलं नाही.” आणि सदऱ्याच्या गुंड्या सोडत म्हणाले, “चहा मात्र बरा होता.”

निकालानंतर चौकात नवा फ्लेक्स लागला. आमच्या वॉर्डात मतदान वाढलं होतं. ‘तरुणाईने करून दाखवलं.’ उरलेल्या दहा जणांचा फोटो होता; मी टी-शर्ट परत केला होता. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने पुन्हा बातमी छापली.

---

त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत बाबा चहाला गेले. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच ड्युटी नसलेली निवडणूक येणार होती, नोव्हेंबरात. यादीत आपलं नाव आहे की नाही हे त्यांनी दोनदा जाऊन पाहिलं. बूथ कुठल्या खोलीत आहे तेही. आयुष्यभर ज्या यंत्राच्या टेबलामागे बसले त्याच्यासमोर उभं राहायचं होतं. ऑगस्टच्या एकोणतीसला ते गेले.

सुतक फिटल्यावर दोन दिवसांनी रणधीर निंबोरे भेटायला आला. साहेब आता थकले आहेत आणि या वेळी तो स्वतः उभा आहे. केस रंगवलेले, अजून तरुणच. बरोबर सात-आठ पोरं होती, नव्या रंगाच्या टी-शर्टमधली, आणि एक मुलगी. चष्मा, खांद्याला झोळी, झोळीत पुस्तकाचा कोपरा.

“सरांनी आम्हाला मताची किंमत शिकवली,” तो बाबांच्या फोटोकडे पाहून म्हणाला. पोरांनी माना हलवल्या. “मंचातर्फे एक पुरस्कार ठेवतोय, ताई. जागृत युवा मतदार. सरांच्या नावाने. तुमच्या हस्ते द्यायचा. तुम्ही मूळच्या आमच्याच की.”

मी आत गेले. आईने चहा ठेवलाच होता. मी पहिला कप काठोकाठ भरला आणि बशीसकट त्याच्या हातात दिला.

“घ्या. बाबांनीही तुमच्याकडचा घेतला होता.”

“हो?” तो म्हणाला. “सर यायचे चहाला?” त्याला खरंच आठवत नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्यावर नीट शोधलं. चौतिसातला एक चहा, तो कशाला लक्षात ठेवील.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. “कसला चहा, ताई?” तिने विचारलं. अशा मुली न विचारता राहत नाहीत.

“बस,” मी म्हणाले. “सांगते.”

ती बसली. तिच्याबरोबर पोरंही बसली. मी यादीपासून सुरुवात केली, खापरापासून, माझ्यापासून. एकसष्ट नावं, चारशे बारा, ब्लेडने कापलेला लिफाफा. रणधीर दोनदा पुढे सरकला, पण त्याला उठता येईना. त्याच्या हातात भरलेला कप होता आणि तो ठेवायला जवळ टेबल नव्हतं.